सात वर्षं एकही टूर्नामेंट नाही जिंकला तरी गोल्फर 'सक्सेसफुल' कसा काय?

वर्धारोडवाला

मंडळी नमस्कार, क्रिकेटच्या ग्रुपवर हे विचारलं तर लोक खेचतील म्हणून इथे विचारून राहिलो. ऑफिसात जेवताना वाद झाला, एक जण म्हणे गोल्फ म्हणजे रिटायर्ड साहेब लोकांचा टाइमपास, त्याच्यात कायचं आलं करिअर. मी म्हटलं अरे जीव मिल्खा सिंगले 2007 मध्ये पद्मश्री भेटली आहे, काहीतरी केलं असंन ना त्यानं. मग घरी येऊन त्याचा रेकॉर्ड वाचत बसलो तं माझंच डोकं फिरलं. 1999 मध्ये एक टूर्नामेंट जिंकला अन् त्याच्यानंतर डायरेक्ट 2006. मधात काहीच नाही. क्रिकेटमध्ये सात वर्षं सेंच्युरी नाही मारली तं माणूस कॉमेंट्री करायले लागते.

तर मले समजत नाही की एवढी वर्षं न जिंकता घर कसं चालते, पगार असते का कोणाचा? अन् गोल्फमध्ये मोठा कोणाले म्हणाचं, ट्रॉफ्या मोजाच्या, पैसा मोजाचा की रँकिंग पाहाचं? अजून एक, माझा भाचा नववीत आहे, त्याले टीव्हीवर पाहून हे खूळ लागलं आहे, ताई विचारते की नागपुरात राहून हे जमते का. तिले काय सांगू?

तर्री_एक्स्ट्रा

भाच्याले म्हणा आधी मॅथ्स पाहून घे, मग बर्डी-बोगी कर. बाकी तो ऑफिसवाला माणूस कोण आहे बे, त्याले एकदा 18 होल, म्हणजे अख्खा कोर्स, पायी चालवा, मे महिन्यात, दुपारी. मग विचारा टाइमपास आहे का.

फेअरवे_फिरस्ता

वर्धारोडवाले भाऊ, पगार-बिगार काही नसतो, सगळं तिथूनच सुरू होते. प्रो गोल्फर म्हणजे स्वतःच्या खिशातून धंदा करणारा माणूस. तिकीट त्याचं, हॉटेल त्याचं, कॅडीचे पैसे त्याचे, कोच आणि फिजिओ लागला तर तोही त्याच्याच खर्चानं. गुरुवारी सव्वाशे-दीडशे जण खेळायला सुरुवात करतात, शुक्रवारी संध्याकाळी 36 होल झाले की कट लागतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर (टूर म्हणजे वर्षभर चालणारी स्पर्धांची मालिका) साधारण पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे लोक शनिवार-रविवार खेळतात, बाकीचे बॅग उचलून एअरपोर्टवर. कट हुकला की त्या आठवड्याची कमाई शून्य आणि खर्च पूर्ण. स्पॉन्सर असला तर ठीक, पण स्पॉन्सर पण नाव झाल्यावरच येतात ना.

जिंकण्याचं म्हणाल तर टायगर वूड्सचंच घ्या, पीजीए टूरवर 82 टूर्नामेंट जिंकला, सॅम स्नीडच्या बरोबरीनं सगळ्यात जास्त, पण त्यासाठी त्याला साडेतीनशेच्या वर टूर्नामेंट खेळाव्या लागल्या. म्हणजे जगातला सगळ्यात भारी माणूस चारातल्या तीन वेळा न जिंकता घरी गेला. मला विचाराल तर त्याचा खरा भयानक आकडा 142 आहे. लागोपाठ 142 वेळा कट पार केला त्यानं. ताप असो, पाठ दुखो, ड्राईव्ह वाकडे जावोत, शुक्रवारी संध्याकाळी नाव यादीत आहेच. 82 वर सगळे बोलतात, यावर कोणी बोलत नाही.

म्हणून या धंद्यात ट्रॉफीच्या आधी कार्ड पाहतात. कार्ड म्हणजे त्या टूरवर वर्षभर खेळायचा हक्क. वर्षाच्या शेवटी ठराविक नंबरच्या आत असलात तर पुढच्या वर्षी हक्क राहतो, नाहीतर पुन्हा क्यू स्कूल, म्हणजे टूरवर जायची पात्रता स्पर्धा, नव्या पोरांसोबत रांगेत. जीव 1998 मध्ये युरोपियन टूरवर गेला, तिथे जाणारा पहिला भारतीय, आणि नंतरची ती कोरडी वर्षं त्यानं युरोप, आशिया, जपान असं फिरत, दुखापती सांभाळत काढली. आठवा, बारावा, तिसावा असं येत राहायचं, त्याचेही पैसे मिळतात, घर त्यावरच चालते. मग 2006 उजाडलं. एप्रिलमध्ये व्होल्वो चायना ओपन. ऑक्टोबरच्या शेवटी स्पेनमध्ये वाल्डेरामाला व्होल्वो मास्टर्स, एका शॉटनं, आणि मागे कोण तर हॅरिंग्टन, सर्जिओ गार्सिया, ल्यूक डोनाल्ड. त्यानंतर जपानमध्ये लागोपाठ दोन. त्याच वर्षी एशियन टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटवर, म्हणजे वर्षाच्या कमाईच्या यादीत, पहिला. 2007 मध्ये मास्टर्स (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी, एक) खेळणारा पहिला भारतीय. 2008 मध्ये पुन्हा आशियात पहिला, आणि पीजीए चॅम्पियनशिप या दुसऱ्या मेजरला नववा.

माझे मामा काटोलकडे संत्र्याची बाग पाहतात, आंबिया बहार गारपिटीत गेला म्हणून कोणी झाडं तोडत नाही, पाणी चालूच ठेवावं लागते. जीवची ती सात वर्षं मला तशीच वाटतात.

आणि 2012 पण वाचा. दुखापतींनी रँकिंग तीनशेच्या पलीकडे गेलं होतं, वय चाळीस, लोकांनी विषय संपवला होता, आणि हा स्कॉटिश ओपनला कॅसल स्टुअर्टला शेवटच्या दिवशी पाच शॉट मागून येऊन, बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये फ्रान्सेस्को मोलिनारीला हरवून मोकळा.

महालची_पोट्टी

सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट सोडून राहिले तुम्ही. जीव मिल्खा सिंगांचा मुलगा. चंडीगडला कोर्स जवळ, नंतर टेक्सासला अ‍ॅबिलीन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, 1993 मध्ये तिथल्या कॉलेज लेव्हलचं डिव्हिजन टूचं वैयक्तिक टायटल. मी त्याचं श्रेय कमी करत नाहीये, पण सात वर्षं वाट पाहायला मागे काहीतरी लागतं की नाही? सगळ्यांची बाग ओलिताची नसते भाऊ.

मला विचाराल तर करिअर म्हणून एसएसपी चौरसिया वाचा. शिवशंकर प्रसाद चौरसिया, वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर. म्हणजे ज्या गवतावर साहेब लोक पट मारतात, बॉल होलकडे घरंगळवतात, ते गवत कापणारा, त्याला पाणी देणारा माणूस. तो क्लब 1829 चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, तिथे या घरातल्या पोराला कोणी बोलावून शिकवणार होतं का? पाहून पाहून, मागून आणलेल्या स्टिकनं शिकला. लांब मारत नाही, अजूनही नाही, पण ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) आसपास आला की चिप (जवळून उडवलेला छोटा शॉट) आणि पट असे की दोस्तांनी नावच 'चिपपटसिया' ठेवलं.

2008 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स झाली, युरोपियन टूरची भारतातली पहिली स्पर्धा, 25 लाख डॉलरची, अर्नी एल्ससारखे लोक आलेले. जिंकलं कोण, तर हा. आता हे नशीब नाही हां, दिल्लीचा कोर्स अरुंद आहे, दोन्हीकडे झुडपं, तिथे लांब मारणाऱ्याचा बॉल एकदा आत गेला की गेला, आणि हा गडी सरळ मारून चिपवर गेम काढतो. कोर्सनं त्याचीच बाजू घेतली म्हणा.

पण मला त्याचं जे आवडतं ते इंडियन ओपनचं प्रकरण आहे. चार वेळा दुसरा आला, चार! 2015 मध्ये तर शेवटच्या दिवशी लीड होती, अनिर्बन लाहिरीनं सात शॉट मागून येऊन गाठला आणि प्लेऑफमध्ये हरवलं. घरच्या मैदानावर, ओळखीच्या लोकांसमोर. दुसरा कोणी असता तर त्या स्पर्धेचं नाव काढलं नसतं. हा 2016 मध्ये परत आला आणि जिंकला, दुसऱ्या नंबरवर लाहिरी. 2017 मध्ये पुन्हा, यावेळी सात शॉटनं. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. मधात 2011 ची अवंता मास्टर्स धरली तर युरोपियन टूरची चार टायटलं, रिओ ऑलिम्पिक पण खेळला.

ऑफिसातल्या त्या माणसाला हे ऐकव, साहेब लोकांचा टाइमपास म्हणे.

रामदासपेठ_नाईट्स

चौरसियाबद्दल आदर आहे पण चारही टायटलं भारतातच आली ना ताई. बाहेर काय केलं ते पण बघा की. करिअर मोजायचं तर अर्जुन अटवाल घ्या, पीजीए टूरचं कार्ड मिळवणारा पहिला भारतीय, 2004. आणि 2010 मध्ये तर काय झालं, खांद्याची दुखापत, जुलैमध्ये कार्ड गेलं, हातात काही नाही. ऑगस्टमध्ये विंडहॅम चॅम्पियनशिपला एन्ट्री पण नव्हती, सोमवारी क्वालिफायर खेळून आत आला. सोमवारचं क्वालिफायर म्हणजे मोजक्या जागा आणि शंभर एक लोक लाइनीत. गुरुवारी फक्त 61 शॉटमध्ये राउंड संपवला. रविवारी एका शॉटनं जिंकला. 51 लाख डॉलरच्या पर्समधले (एकूण बक्षिसातले) 9 लाख 18 हजार डॉलर आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्ड परत. पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय, आणि आठवड्याच्या सुरुवातीला हा माणूस बेरोजगार होता भाऊ, ऑफिशियली.

मला तर वाटते पैसेच मोजा, स्वच्छ हिशोब. पीजीए टूरवर जिंकणाऱ्याला साधारण पर्सच्या 18 टक्के. लाहिरी 2022 मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपला कॅमेरॉन स्मिथच्या एका शॉटनं मागे राहिला, दुसरा येऊन 21 लाख 80 हजार डॉलर. पीजीए टूरवर एक पण टायटल नाही त्याचं. मग काय फेल म्हणायचं का त्याला? त्याच वर्षी लिव्ह गोल्फ या वेगळ्या टूरला गेला, तिथे कटच नाही, शेवटचा आला तरी पैसे. लोक नावं ठेवतात, मी नाही ठेवत, ज्यानं इतकी वर्षं शुक्रवारची संध्याकाळ मोजत काढली त्यानं सही केली तर काय चुकलं.

महालची_पोट्टी

भारतातच जिंकला म्हणजे काय, समोर खेळायला युरोपातलेच लोक आलेले होते ना, त्यांना काही कोणी डोळे बांधून खेळवलं नाही. जॉकोविचनं ऑस्ट्रेलियात दहा टायटलं घेतली तर आपण म्हणतो का की फक्त तिथलीच आहेत?

आणि पैसे मोजायचे तर अदिती अशोक कुठे बसवणार? टोकियोला ती गेली तेव्हा जागतिक रँकिंग 200, आई कॅडी म्हणून बॅग उचलून सोबत. तीन राउंडनंतर दुसऱ्या नंबरवर होती. शेवटी 15 अंडर, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या शॉटपेक्षा) 15 कमी, आणि प्लेऑफ खेळून रौप्य आणि ब्राँझ घेणाऱ्या मोने इनामी आणि लिडिया को 16 अंडर, नेली कोर्डा 17. म्हणजे चार दिवसांत, 72 होलमध्ये, फक्त एका पटचा फरक. ऑलिम्पिकमध्ये गोल्फला बक्षिसाचे पैसे नसतात, चौथ्याला तर काहीच नाही. पण त्या शनिवारी सकाळी आमच्या घरात ज्यांना पार म्हणजे काय माहीत नव्हतं ते सगळे टीव्हीसमोर बसून होते, आजी विचारत होती की ही पोरगी एवढा वेळ वाकून काय पाहते. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि सगळे अदितीला विसरले. 7 ऑगस्ट 2021. मिल्खा सिंग त्याच्या दीड-दोन महिने आधी गेले होते, ते पण 1960 ला रोमला चौथेच.

वर्धारोडवाला

बाप्पा, एवढं भेटंन असं वाटलं नव्हतं, उद्या लंचला सगळं काढतो. फक्त एक अडलं, हे कोणी सांगतलं नाही की आपल्या इथल्या टूरवर काय चालते? अमेरिकेचे आकडे ऐकून ताई हुरळून जाईन. अन् भाच्याचं राहूनच गेलं.

फौजी_काका

नमस्कार. सर्व्हिसमध्ये असताना बरीच वर्षं गोल्फ खेळलो, हॅन्डिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कधी भूषणावह नव्हता. भाच्याबद्दल थोडं लिहितो.

आपली टूर म्हणजे पीजीटीआय, 2006 पासून. साधारण एक कोटीची स्पर्धा असली तर पहिल्याला 15 लाखांच्या आसपास, ऐकायला मोठे वाटतात. पण ते एकाला. चाळिसाव्या-पन्नासाव्या नंबरवरच्या पोराला जे मिळतं त्यातून कॅडी, प्रवास, राहणं वजा करा, महिन्याचा हिशोब तुमच्या आयटीवाल्या फ्रेशरपेक्षा बरा निघेलच असं नाही. तिथे टिकलेली बरीच मंडळी कोर्सवर शिकवून घर चालवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. आधीच्या पिढीत तर कितीतरी चांगले प्रो कॅडी म्हणूनच वाढले. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, त्यानं 1991 ची इंडियन ओपन जिंकली, जिंकणारा पहिला भारतीय प्रो. 1993 मध्ये परत जिंकली. चौरसियाच्या आधी तो रस्ता त्यानं मोकळा केला, आता त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

ही पोरं जन्मभर बॅग उचलत क्लबच्या सभासदांचा गेम पाहत आलेली, त्यांना ग्रीनचा उतार डोळे झाकून कळायचा. कोचिंगचे पैसे नव्हते पण दिवसाचे आठ-दहा तास कोर्सवर जायचे. तुमच्या भाच्याकडे नेमकं हेच नाही. नागपुरात क्रिकेटला व्हीसीए जामठा आहे, बुद्धिबळाला तर दिव्या देशमुख 2025 चा महिला वर्ल्डकप जिंकून आली, पण बुद्धिबळाला बोर्ड आणि लॅपटॉप पुरतो. गोल्फला एकरावारी जमीन आणि पाणी लागतं. इकडे जे काही आहे ते मुख्यतः फौजेकडचं, सिव्हिलियन पोराला रोज सकाळी आत जाऊन तीन तास सराव करता येईल असं गृहीत धरू नका, आधी चौकशी करा, नियम पाळून मिळत असेल तर उत्तम. नाहीतर सुट्ट्यांत पुणे. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स जुना आहे, पुण्याकडे ज्युनिअर कोचिंग आणि स्पर्धा दोन्ही सापडतात. आपला ओजस देवतळे नागपूरचाच ना, तिरंदाजीसाठी साताऱ्याला जाऊन राहिला तेव्हा 2023 मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला. घर सोडायची वेळ येईल हे ताईंना आत्ताच सांगून ठेवा.

प्रो व्हायचा विषय अजून लांब आहे. आधी इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर आणि अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा खेळू द्या, तिथे दोन-तीन वर्षांत आपोआप कळतं कुठे आहोत ते. कारण स्कोअर कागदावर असतो, त्यात वशिला चालत नाही. उलट स्वतःचा स्कोअर तपासून स्वतः सही करायची असते, आणि चुकीच्या आकड्यावर सही केली तर तोच धरतात. 1968 च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे व्हिसेन्झोनं सतराव्या होलला तीन मारले होते, मार्करनं चार लिहिले, यानं न बघता सही केली, प्लेऑफची संधी गेली. पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतो मी.

एक बाजू मात्र इतर खेळांपेक्षा चांगली. बॅडमिंटनवाला तिशीत संपतो. इथे पन्नाशीनंतर सीनियर टूर सुरू होते. बर्नहार्ड लँगर, 1986 मध्ये जागतिक रँकिंग सुरू झालं तेव्हाचा पहिला नंबर एक, त्यानं 2024 मध्ये 67 व्या वर्षी स्पर्धा जिंकली. म्हणून भाच्याला बारावी करू द्या, कॉलेज करू द्या, खेळ कुठे पळून जात नाही.

तर्री_एक्स्ट्रा

काका म्हणजे माझ्याकडे अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत सीनियर टूरसाठी. सावजी कमी करतो उद्यापासून.

वर्धारोडवाला

काका, लय उपकार झाले. ताईले तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवतो. एकच शेवटचं, पोट्टा डावखुरा आहे, जेवते पण डाव्या हातानं. दुकानात विचारलं तं दुकानदार म्हणे डाव्या हाताचा सेट मागवा लागंन, महाग पडंन. उजव्यानंच शिकवू का मंग?

फौजी_काका

जबरदस्ती करू नका आणि सेट तर अजिबात मागवू नका. फिल मिकलसन बाकी सगळं उजव्या हातानं करतो, लहानपणी वडिलांसमोर उभं राहून आरशासारखी नक्कल केली म्हणून गोल्फ डावा खेळतो, आणि सहा मेजर जिंकला. त्यामुळे जेवतो कुठल्या हातानं यावरून ठरवू नका. कोर्सवर किंवा रेंजवर कोणाकडे तरी दोन्ही बाजूंच्या जुन्या स्टिक असतातच, मागून दोन्हीनं पन्नास-पन्नास बॉल मारू द्या, कुठल्या बाजूनं अंग मोकळं फिरतं ते बघणाऱ्याला लगेच दिसतं. मग त्या बाजूची एकच सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराची स्टिक) घ्या, सेकंड हँड चालेल, आणि एक पटर (ग्रीनवर पट मारायची स्टिक). नियमानं बॅगेत 14 पर्यंत स्टिक ठेवता येतात पण पहिलं वर्ष या दोनवर निघतं. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदलून घ्या, तेवढ्यात कंजूषी नको.